उत्तर बटणापुरतं

कॅम्प-१, भिलाई
१८ सप्टेंबर २०२३

बाबा,

फोन केला की तुम्ही कापता. पत्र कापता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि कागद फाडायचा तुमचा स्वभाव नाही. लग्नपत्रिकांची पाकिटं उलटी करून वापरणारा माणूस तुम्ही. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही बोरटोल्याला जाऊन राहिलात त्याला आता वर्ष होईल. रिटायर झालो, गावचं धान पाहतो, असं तुम्ही लोकांना सांगता. आईही तेच सांगते. खरं कारण मी आहे, हे अख्ख्या कॅम्पाला ठाऊक आहे. हिरालाल कापगतेंची पोरगी स्टील प्लांटच्या ट्रेनी परीक्षेत पास झाली, बोलावणं आलं, आणि ती जॉइन व्हायचं सोडून विमान शिकायला गेली. भिलाईत याहून मोठं पाप नाही. कुणाचा हात धरून पळून गेले असते तर लोक एव्हाना विसरलेही असते.

आता बातमी ऐका. मी नंदिनी गावाजवळच्या धावपट्टीवरून एकटी उडाले आणि एकटी उतरले. शेजारची खुर्ची रिकामी होती. विमान लहान आहे, चार खुर्च्यांचं, पुढे एक पंखा. तुम्ही पाहिलंत तर म्हणाल, "हे त ऑटोपेक्षा जरासंच मोठं आहे." पण आत बसलात की गप्प व्हाल, कारण आतलं सगळं तुम्हाला ओळखीचं वाटेल. रेल मिलच्या वर तुमची काचेची केबिन होती ना, पल्पिट, जिथून तुम्ही खाली धावणारा तापलेला रूळ, तुमच्या भाषेत रेल, चालवायचात? तसंच. समोर दोन मोठे पडदे. जुन्या विमानांत प्रत्येक गोष्टीचं वेगळं गोल घड्याळ असायचं, आमच्यात सगळं डाव्या पडद्यावर येतं. वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मधे पांढरी रेघ. विमान कललं की रेघ कलते. डावीकडच्या पट्टीवर वेग, उजवीकडच्या पट्टीवर उंची, खाली दिशा. उजव्या पडद्यावर नकाशा आणि इंजिनाची तब्येत. कडेला दुहेरी गोल बटणं आहेत, मोठ्यावर छोटं, ताटात वाटी ठेवल्यासारखी. मोठं फिरवलं की एक आकडा बदलतो, छोटं फिरवलं की दुसरा. सुरुवातीला मी हवेचा दाब लावायला जायची आणि उंचीची खूण हलवून बसायची.

शिकवणाऱ्या गीतांजली मॅडम रायपूरच्या आहेत. आवाज असा की इंजिन चालू असताना त्यांना माइक लागू नये. त्यांचं एकच वाक्य दिवसभर कानात वाजतं, "भूमिका, ये टीव्ही नहीं है. बाहर देखो!"

काल विश्वकर्मा पूजा होती. प्लांटसारखीच आमच्या फ्लाइंग क्लबातही होते. आईला घेऊन गेले होते. तिने विमानाला हार घातला, नारळ फोडला, आणि कुंकवाचं बोट घेऊन थेट आत पडद्याकडे निघाली. मॅडम ओरडल्या, "आंटी, स्क्रीन पे नहीं!" मग आई दुसरी जागा शोधू लागली. दोन पडद्यांच्या मधे खालच्या बाजूला एक जाड लाल बटण आहे. तिचं बोट तिथपर्यंत गेलं आणि चटका बसल्यासारखं मागे आलं. शेवटी तिने दाराच्या कडीला कुंकू लावलं. सगळे हसले. मीही हसले, पण मनापासून नाही.

बाकी सगळं छान चाललंय. चिखलात अनवाणी हिंडू नका.

तुमची
भूमिका


कॅम्प-१, भिलाई
९ ऑक्टोबर २०२३

बाबा,

"बाकी सगळं छान चाललंय" हे मागच्या पत्रातलं वाक्य खोटं होतं. पूजेच्या आदल्या दिवशीच मी तपासणीत नापास झाले होते. परवा पुन्हा झाले. तिसऱ्यांदा झाले तर क्लब माझं नाव काढून टाकणार, तसा नियम आहे. मग मी ना प्लांटची, ना विमानाची. धोबी का कुत्ता म्हणतात ते मीच.

काय झालं ते सांगते. तपासणीत मॅडम उडता उडता डावा पडदा अंधारा करतात. विचारतात, "स्क्रीन गई. अब?" उत्तर सोपं आहे. मधलं लाल बटण दाबायचं. दाबलं की डाव्या पडद्यावरचं सगळं उजव्या पडद्यावर येतं, आकाश, जमीन, वेग, उंची, सगळं. त्याच्यासाठीच ते बटण आहे. मला हे झोपेतही सांगता येतं. मी तिथेही तोंडाने सांगितलं, "लाल बटन, मॅडम." पण हात गेला नाही.

म्हणजे हात उठला, बटणापर्यंत पोचला आणि आईचा आला तसाच मागे आला. मी काळ्या पडद्याकडे बघत बसले. तेवढ्यात विमान एका अंगावर कललं, नाक खाली गेलं, आणि मॅडमनी विमान आपल्या हातात घेतलं. खाली उतरल्यावर त्या रागावल्या नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाल्या, "तुझे आता सब है. फिर हाथ किसने पकड़ा?"

कोणी पकडला, बाबा? तुम्ही!

आपल्या घरात लाल बटणाला हात लावायचा नाही, ही तुमची सक्त ताकीद. मिलमधलं लाल बटण दाबलं की अख्खी मिल उभी राहते, मग चौकशी बसते, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलो. आणि मिलमधली गोष्ट तुम्ही घरात आणलीत. टीव्हीच्या रिमोटवर लाल बटण, म्हणून टीव्ही बंद करायलासुद्धा तुम्हाला हाक मारायची. तुम्ही नाइट शिफ्टला गेलात की आपला टीव्ही रात्रभर बडबडत असायचा आणि शेजारी म्हणायचे, कापगतेंकडे फार करमणूक आहे. तुम्ही गेल्यापासून आजही आई टीव्हीचा आवाज शून्यावर आणून त्यावर टॉवेल टाकते. बंद करत नाही.

आणि माझा फोन कापताना कोणतं बटण दाबता हो तुम्ही? ते बरं चालतं!

मी घरी खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन्ही पडदे काढलेत, मधे बाटलीचं लाल झाकण चिकटवलंय. आई एकदम डाव्या पडद्यावर ताट धरते आणि ओरडते, "गेला, गेला, पडदा गेला!" मी झाकण दाबते. झाकण शंभरदा दाबलं जातं. विमानात बसलं की तुम्ही मधे येता.

बोरटोल्याहून पुंडलिककाकांनी आईला फोनवर सांगितलं की तुम्ही माझं पहिलं पत्र नाल्यावरच्या मोरीवर बसून दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा लावून. म्हणजे वाचता तर. मग एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. नोकरीचं बोलू नका, लग्नाचं बोलू नका, माझं तोंड बघू नका. पण तुमच्या एका वाक्यामुळे माझा हात अडकलाय, तो सोडवून द्या. तुम्ही तसं का सांगितलं होतं? मिलमध्ये काय झालं होतं?

भूमिका


बोरटोला, ता. आमगाव
२१/१०/२३

भूमिका,

हे उत्तर बटनापुरतं आहे. बाकी राग जसाच्या तसा आहे.

मिलमंदी काही झालं नोहोतं. लाल बटन दाबू नोका असं मी घरात कधी म्हनलो बी नाही. मी म्हनलो होतो का इचारल्याशिवाय दाबू नोका. तुमी मायलेकींनी अर्धं आयकलं आन अर्धं सोडून देलं. तुह्या मायचं त नेहमीचंच आहे.

तुमी लहान होते. पूजेच्या दिवशी मिल पाहाले पोरं येत, दिसलं थे दाबत. म्हनून म्हनलो. आता तू लहान आहेस काय?

पल्पिटात बसल्यावर मले कोनाले इचारा लागत नोहोतं. ज्याच्या हाती मिल, त्याच्या हाती बटन. मांगं मोठा साहेब उभा असला तरी त्याले इचारा लागत नाही. इचारत बसलं त रेल काही थांबत नाही, थे सरळ समोरच्या मानसाच्या अंगावर जाते. तुह्या खुर्चीवर तूच बसून राहिली ना? मंग तू इचारून कोनाले राहिली?

दुसरी गोष्ट. दाबल्यावर हात वर करून आपलं नाव मोठ्यानं सांगा लागते. मी हिरालाल, मी दाबलं. आमच्या मिलमंदी अशीच रीत होती. नाव नाही सांगितलं त दुसरा येते, त्याले वाटते चुकून दबलं, आन थो परत चालू करून देते. आन नाव सांगितलं का आपलं बी मन पक्कं होते. मंग हात कापत नाही.

पंखा समोर आहे म्हनतेस, त तिकडून चढू उतरू नोको.

हिरालाल


कॅम्प-१, भिलाई
१ नोव्हेंबर २०२३

बाबा,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी क्लबात होते. आईने पाकीट फोडलं नाही, पण देवापुढे ठेवून दिवा लावला होता. मी वाचून दाखवलं. "तुह्या मायचं त नेहमीचंच आहे" इथे ती म्हणाली, "पाह्य, वर्षानं लिहिलं, त्यातबी टोमणा!" आणि डोळे पुसत हसायला लागली. मग मला परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा.

संध्याकाळी मालिका संपली. मी टॉवेल आणायला उठले तर आई म्हणाली, थांब. तिने रिमोट हातात घेतला, डोळे मिटले आणि लाल बटण दाबलं. टीव्ही गप्प झाला. घरात एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. आई हात वर करून ओरडली, "मी रंभा! मी बंद केला!" शेजारच्या काकू धावत आल्या, काय बंद केलं म्हणून. बाबा, तुम्ही हे बघायला हवं होतं. आम्ही दोघी पोट धरून हसत होतो आणि काकूंना काहीच समजेना.

आता माझं बोलणं. तुम्ही बटणापुरतं लिहिलंत, मी बटणापुरतंच घेणार होते, पण तुम्हीच पकडीत सापडलात त्याला मी काय करू? ज्याच्या हाती मिल त्याच्या हाती बटण, मागे साहेब उभा असला तरी त्याला विचारायचं नसतं. तुमच्या हाताने लिहिलंत, खाली सही केलीत. मग माझ्या आयुष्याच्या खुर्चीवर कोण बसलं होतं, बाबा? प्लांटचं बोलावणं आलं त्या दिवशी मी तुम्हाला न विचारता नाही म्हटलं, हाच ना तुमचा राग? मी विचारत बसले असते तर तुम्ही नाही म्हटलं असतं, आणि मी ऐकलं असतं. तुमचं मी नेहमी ऐकत आले, हात अडकेपर्यंत ऐकलं. म्हणून विचारलं नाही. तुमचा मान नव्हता म्हणून नाही, फार होता म्हणून.

मी माफी मागत नाहीये. पण तुमची आठवण येते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. धावपट्टीवरून उठल्यावर जामुलच्या सिमेंट कारखान्याची चिमणी खाली जाते आणि डावीकडे दूर प्लांटचा धूर दिसतो. दर वेळी वाटतं, तिथे कुठेतरी तुम्ही बसला असाल. मग आठवतं की तुम्ही तिथे नाही, आणि घरीही नाही.

२८ तारखेला शेवटची तपासणी आहे. नंदिनीहून गोंदियापर्यंत जायचं, उतरायचं, परत यायचं. मॅडम शेजारी असतील आणि वाटेत कुठेतरी पडदा अंधारा करतील. कुठे ते सांगणार नाहीत. यात हात गेला तर मी पायलट होणार. नाही गेला तर बोरटोल्याला धान कापायला एक माणूस वाढेल, जागा ठेवा.

वाट तुमच्या गावावरून जाते. सकाळी.

भूमिका


कॅम्प-१, भिलाई
२९ नोव्हेंबर २०२३

बाबा, बाबा, बाबा!

आधी निकाल सांगते, नाहीतर तुम्ही मधलं वाचणार नाही. पास! पास झाले! आता सावकाश वाचा.

सकाळी धुकं होतं. कापणीनंतर सगळीकडे तणस जाळतात त्याचा धूर त्यात मिसळला होता. निघालो तेव्हा बरं दिसत होतं. शिवनाथ नदी गेली, राजनांदगाव गेलं, डोंगरगडच्या टेकडीवरचं देऊळ दिसलं. मी मनात हात जोडले, प्रत्यक्षात जोडता येत नव्हते. रेल्वेची लाइन धरून चाललो होतो. मॅडम एक शब्द बोलत नव्हत्या आणि माझं अर्धं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं, कधी पडदा घालवतात म्हणून.

दरेकसाच्या जंगलावर आलो तेव्हा समोरचं धुकं दाट झालं. खाली डोंगर, वर पांढरं, मधली रेघ कुठे आहे ते डोळ्यांना सापडेना. अशा वेळी डाव्या पडद्यावरच्या रेघेवर भरवसा ठेवायचा असतो. मी ठेवला. गोंदियाला आमची जागा कळवायची होती म्हणून रेडिओवर बोलण्याच्या बटणावर अंगठा टेकवला, आणि डावा पडदा गेला. काळा ठार.

मला वाटलं, आली तपासणी. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात वर केले होते. चेहरा पांढरा. म्हणाल्या, "मैंने कुछ नहीं किया. ये सच में गया है."

बाबा, खरं सांगते, मी घाबरले. विमान डावीकडे कलायला लागलंय असं अंगाला वाटत होतं, आणि अंगावर विश्वास ठेवायचा नाही असं शिकवलंय. मॅडमनी विमान हातात घ्यायला हात पुढे केलाही. आणि मी म्हणाले, "मॅडम, खुर्चीवर मी आहे." असं मी त्यांना म्हणाले! नंतर आठवून घाम फुटला. त्यांनी हात मागे घेतला.

मी लाल बटण दाबलं.

कोणाला विचारलं नाही. हात गेला, बसला, दाबून आला. आणि उजव्या पडद्यावर आकाश आलं, बाबा! निळं, तपकिरी, मधे पांढरी रेघ, ती चांगलीच कललेली. वेग आला, उंची आली. मी रेघ सरळ केली. मग मला काय झालं कोण जाणे, मी हात वर केला आणि जीव खाऊन ओरडले, "मी भूमिका हिरालाल कापगते! मी दाबलं!"

दुसऱ्या हाताचा अंगठा अजून बोलण्याच्या बटणावरच होता, घट्ट दाबलेला. ते सगळं गोंदियाला ऐकू गेलं.

मग गोंदियाच्या टॉवरवरचा माणूस इंग्रजीत म्हणाला, कोण बोलतंय, पुन्हा सांगा. मग बहुधा त्याला राहवलं नाही. मराठीत विचारलं, "मॅडम, काय दाबलं तुमी?"

गीतांजली मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मी शहाण्या मुलीसारखी आमचा नंबर, जागा, उंची सांगितली, एक पडदा गेलाय, दुसऱ्यावर चाललोय, काही मदत नको, सरळ उतरतो, असं कळवलं. आवाज कापला नाही. तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं, नाव सांगितलं आणि मन पक्कं झालं.

पुढचा सगळा प्रवास एका पडद्यावर केला. सालेकसाच्या पुढे धुकं विरलं आणि खाली धानाचे बांध दिसायला लागले. बोरटोला मी वरून ओळखला. तळं, शाळेचे निळे पत्रे, तुमची मोरी. पंख हलवला की नाही ते विचारू नका, मॅडम शेजारी होत्या. एवढंच सांगते की तेव्हा त्या मुद्दाम उजवीकडे बघत होत्या.

गोंदियाला उतरल्यावर मॅडमनी इंजिन बंद करायला सांगितलं. मग म्हणाल्या, "मैं डर गई थी. तू नहीं डरी?" मी म्हटलं, डरी थी. "और ये नाम चिल्लाना कौन सी किताब में लिखा है?" मी म्हटलं, रेल मिलच्या. तुमच्या मिलची रीत मी त्यांना सगळी समजावून सांगितली. त्यांनी तिथेच, पंखाखाली उभं राहून कागदावर सही केली. माझ्या पाठीवर असा धपाटा घातला की अजून दुखतंय.

आणि आता ऐका. आज सकाळी क्लबात त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, यापुढे लाल बटण दाबल्यावर प्रत्येकाने आपलं नाव मोठ्याने सांगायचं, म्हणजे शेजारच्याला कळेल की कोणी दाबलं आणि तो पुन्हा हात लावणार नाही. पायलट व्हायला आलेली दिल्ली-बिल्लीकडची मोठ्या घरची मुलं, सगळी हात वर करून आपापली नावं ओरडत होती. एका मुलाने लाजत लाजत हळू म्हटलं तर मॅडमनी परत म्हणायला लावलं. आकाशात तुमची मिल चालू झाली, बाबा.

पडदा दुरुस्तीला गेलाय. आतला दिवा गेला होता म्हणे.

पुंडलिककाकांनी आईला फोन केला होता. म्हणाले, हिरालालभाऊ सकाळपासून खळ्यावर मान वर करून उभे होते, चहासुद्धा उभ्याने प्यायले. विमान गेल्यावर काकांनी तुम्हाला विचारलं, कोणाचं होतं? तर तुम्ही म्हणालात, "मले काय मालूम." आणि मग दिवसभर भेटेल त्याला सांगत हिंडलात की एकाच पंख्याचा आवाज होता, लहान विमान होतं, अगदी सरळ गेलं. सरळ गेलं ना, बाबा? तुम्हाला सरळ वाटलं ना?

तुमची पायलट (अजून थोडी बाकी)
भूमिका


कॅम्प-१, भिलाई
२० फेब्रुवारी २०२४

बाबा,

लायसन आलं. आईने कॅम्पात पेढे वाटले. पूर्वी मला पाहून मान फिरवणाऱ्या बायका आता आपल्या मुली घेऊन येतात, विचारतात, कितवीपर्यंत शिकावं लागतं. आई त्यांना पुठ्ठ्याचे पडदे दाखवते आणि ताट धरून "गेला, गेला" करते. तिचा क्लासच सुरू झालाय म्हणा ना.

मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली. मग म्हटलं, बटणाचा प्रश्न संपला, आता त्यांच्याकडे लिहायला कारण काय? म्हणून कारण पाठवते आहे.

लायसन मिळाल्यावर मला माणसं बसवून नेता येतात. मॅडमनी विचारलं, पहिल्यांदा कोणाला नेणार? मी म्हटलं, मागे आई, पुढे माझ्या शेजारी बाबा. लहान विमान म्हणजे वजनाचा मामला असतो. कोण कुठे बसणार आणि प्रत्येकाचं वजन किती, हे आधी कागदावर मांडून द्यावं लागतं, त्याशिवाय विमान हलत नाही. आईने आपलं वजन सांगताना चोरी केली, म्हणून तिला जामुलच्या बाजारात काट्यावर उभं केलं. आता तुमचा एक रकाना रिकामा आहे.

तुम्ही येणार की नाही, असं मी विचारत नाहीये. राग गेला की नाही, तेही विचारत नाही. तो असेल तर असू दे, त्याचं वजन धरत नाहीत. मला फक्त आकडा हवा. अंदाजाने चालत नाही, मोजून हवा.

रकाना भरला नाही तर ती खुर्ची रिकामी नेईन. दुसऱ्या कोणाला बसवणार नाही.

तुमची
भूमिका


बोरटोला
१/३/२४

भूमिका,

पत्र भेटलं. धान खरेदीच्या काट्यावर मोजलं. पुंडलिकनं मोजलं, मी दुसऱ्यांदा मोजाले लावलं. बासष्ट किलो, चप्पल धरून.

विमानात चप्पल काढा लागते काय, थे कळवजो.

तुहा बाबा